बी बाजूला नुसती बक्षिसं होती

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर सकाळी सहापासून फुलं आणि सुविचार पडायला लागतात. मी ते न बघता पुसून टाकते. त्या दिवशी एका चुलतभावानं गाणं पाठवलं म्हणून हात थांबला. ढोलकाचे पहिले चार ठोके ऐकले आणि हातातला चहा मी खाली ठेवला. हे जावयाचं गाणं होतं. एका दिवसासाठी सासुरवाडीला आलेला जावई सुगी संपली तरी हलत नाही, आणि सासू त्याला घालवण्यासाठी रोज नवी युक्ती काढते. अर्धं मराठी, अर्धं दखनी. हे गाणं मी पंचवीस वर्षं ऐकलं नव्हतं, आणि त्याला कारण मीच होते.

सांगायचं तर भूकंपापासून सांगावं लागेल. आमचं गाव निलंग्याकडचं. वडिलांची पिठाची गिरणी होती. भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते. आमच्या घरातलं माणूस गेलं नाही, पण घर गेलं, गिरणीची एक भिंत गेली आणि शेजारच्या घरातली माझ्याबरोबर शाळेत जाणारी मैत्रीण गेली. त्यानंतर सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलं. दिवसा पत्रा तापायचा, म्हणून माणसं लिंबाखाली बसून असायची. बोलायची ती फक्त याद्यांबद्दल, पंचनाम्याबद्दल आणि कुणाचं नाव यादीत आलं नाही त्याबद्दल.

अशा एका दुपारी नांदेडहून एक गाणारा त्याची पार्टी घेऊन आला. पार्टी म्हणजे पेटी, ढोलक, झांज आणि मागं सूर ओढणारे दोघं. तो स्वतः पेटी वाजवायचा आणि गायचा. त्यांच्या घराण्याचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. पेटी दुरुस्त करायला आलेल्या आमच्या गावच्या एका भजनीबुवानं त्याला सांगितलं होतं म्हणे, की आमच्या गावात चार महिने कुणी टाळ हातात घेतला नाही. तेवढं ऐकून तो आला. मानधन ठरलेलं नव्हतं. जो काय देईल ते बक्षीस.

बक्षिसाची रीत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. गाणं रंगात आलं की एखादा उठतो, नोट गाणाऱ्याच्या हातात देतो आणि कानात नाव सांगतो. गाणारा गाणं तिथंच थांबवतो. पेटीचा सूर तेवढा धरून ठेवतो आणि पुकारतो, अमुक गावचे अमुक यांच्याकडून पार्टीला अकरा रुपये बक्षीस, पार्टी त्यांची आभारी आहे! लगेच ढोलक कडाडतो आणि गाणं तुटलं तिथून पुढं सुरू होतं. पुण्याच्या माणसाला हे बघून घेरी येईल. पण आमच्याकडं गाण्याइतकीच मजा पुकारण्याला असते. कुणी किती दिले, कुणाचं नाव आधी आलं, कुणी जावयाच्या नावानं दिले, यावर पुढं आठ दिवस चर्चा चालते.

माझे वडील तसे कुणाला सुटा रुपया सोडणारे नव्हते. गिरणीत पीठ सांडलं तर झाडून परत पायलीत घालायचे. पण त्या दुपारी जावयाच्या गाण्यात ते उठले, अकरा रुपये देऊन आले आणि जागेवर येऊन बसले. गाणाऱ्यानं त्यांचं नाव पुकारलं, बापाच्या नावासकट. तेवढ्यात वडील बसल्या जागेवरून ओरडले, "माझं नगं! माझ्या लेकीचं नाव घ्या!" सगळे हसले, त्या गलक्यात गाणाऱ्यानं काहीतरी म्हटलं ते मला कळलं नाही, आणि मग माझं नाव लाउडस्पीकरवरून सगळ्या शेडांवर गेलं. मी लाजून आईच्या मागं लपले. त्या वर्षी चौथीत माझा पहिला नंबर आला होता, पेढे दिवाळीला वाटायचे ठरले होते आणि भूकंपाच्या गडबडीत ते राहून गेले होते. त्याचंच हे बक्षीस असणार, असं मी मनाशी धरलं आणि तसंच सगळ्यांना सांगत राहिले.

वडिलांनी ढिगाऱ्यातून वाचलेला टेपरेकॉर्डर नेला होता. तो त्यांच्या मांडीशेजारी पोत्यावर होता. ती कॅसेट त्यांनी घरी आणली, स्क्रूड्रायव्हरनं वरच्या दोन्ही पाकळ्या मोडल्या आणि मला दाखवलं, "आता ह्याच्यावर कुणाच्या बापाला दुसरं भरता येणार न्हाई." पुढं सहा वर्षं ती कॅसेट गिरणीत वाजली. इंजिनाच्या आवाजात गाणं कुणाला धड ऐकू यायचं नाही, आणि वडिलांना तर इंजिनापायी कमीच ऐकू यायचं. पण बी बाजूला त्यांचा स्वतःचा आवाज आला की ते ओठ हलवायचे. माझं नगं, माझ्या लेकीचं. दळण घेऊन आलेल्या बायका हसायच्या आणि मी वैतागायचे.

दहावीला चांगले मार्क पडले आणि माझी रवानगी लातूरला झाली. तेव्हा सगळ्यांचीच होत होती. ज्याच्या त्याच्या तोंडी क्लासचं नाव. नव्या वस्त्यांत घरावर घर चढवून रूमा काढलेल्या, एका रूममध्ये आम्ही चौघी, आणि सकाळी बसस्थानकावर गावाकडून आलेल्या डब्यांची रांग. माझा डबा निलंग्याच्या गाडीनं यायचा. कंडक्टर नावानं हाक मारून द्यायचा. जाताना वडिलांनी टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट दोन्ही माझ्या पिशवीत घातलं होतं. "घरची याद आली की लाव," एवढंच म्हणाले.

बारावीच्या दिवाळीआधी रूममधल्या एकीला कावीळ झाली. आमच्यात ठरलेलं होतं, आजारी पडेल तिच्यासाठी दुसरीनं लेक्चर टेप करून आणायचं. मी टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या बाकावर बसले. रसायनशास्त्राच्या सरांनी त्या दिवशी बेन्झीन सुरू केलं आणि थांबेचनात. माझ्याजवळची कोरी कॅसेट भरली. पिशवीत दुसरी होती ती वडिलांची. मोडलेल्या पाकळ्यांच्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे लातूरच्या कुठल्याही पोरीला माहीत होतं. वहीला लावायची चिकटपट्टी कंपासमध्ये होतीच. मी क्षणभर विचार केला, हे मुद्दाम सांगते. ए बाजूला अख्खी गाणी आहेत, तिला हात लावायचा नाही. बी बाजूला नुसती बक्षिसं आहेत, मधूनमधून थोडं गाणं. मी बी बाजू लावली आणि लाल बटण दाबलं.

दिवाळीच्या सुट्टीत कॅसेट टेपरेकॉर्डरसकट परत गिरणीत गेली. मी सांगायचं विसरले, किंवा टाळलं. वडिलांनी बी बाजू लावली आणि गिरणीभर सरांचा आवाज घुमला, तर मुलांनो, बेन्झीनच्या सहा कार्बनपैकी. वडिलांनी ज्वारी ओतता ओतता संपूर्ण बाजू ऐकली. मग म्हणाले, "मास्तरचा आवाज खणखणीत हाय." नंतर ते कौतुकानं तीच बाजू लावायचे. आलेल्या बायकांना सांगायचे, लेकीचा अभ्यास हाय, ऐका. आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी भाकरीच्या पिठाबरोबर बेन्झीन घरी नेलं. मी हे रूमवर हसून हसून सांगत असे. पुढं ए बाजूची फीतही इंजिनाच्या तेलानं आणि पिठानं चिकटली आणि तुटली.

मी डॉक्टर झाले नाही. मार्क थोडक्यात हुकले आणि रडून झाल्यावर मी रसायनशास्त्रच घेतलं. आता लातूरमध्येच एका क्लासवर बेन्झीन शिकवते, आणि पोरी माझं लेक्चर फोनवर टेप करतात. मला नोकरी लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी वडील गेले. गिरणीतच बसल्या जागी गेले. दहाव्याला फोटो मोठा करून घेताना कुणीतरी म्हणालं, आवाज कुठं भरलेला आहे का यांचा? तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. त्यांचं लग्न बिनाव्हिडिओचं, आमच्याकडं फोनही उशिरा आला. या माणसाचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, सहा-सात शब्द, आणि त्यावर मी स्वतःच्या हातानं चिकटपट्टी लावली होती. हे मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही.

तर तो चुलतभाऊ. गाणं कुठून आणलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, असंच फिरून राहिलंय. पण गाण्याच्या शेवटी एका बाईचा आवाज होता. ती म्हणत होती, "आमच्या अब्बांचं गाणं आवडलं तर फुकट फिरवू नका, आमच्या इंटरनेटवरच्या पानावरून घ्या. जे द्याल ते अब्बांच्या हातात येतं, मधी कुणी न्हाई." भावानं ते शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. मी त्याला ग्रुपवरच झापलं. दोनशे रुपयांचं पेट्रोल जाळून वाढदिवसाचा केक आणणारी माणसं गाणं म्हटलं की हात आखडता घेतात. त्यानं अंगठा पाठवला.

त्या बाईचं पान मी शोधलं. साधंच होतं. गाणाऱ्याचा म्हातारपणीचा फोटो, खाली त्याच्या जुन्या कॅसेटांची यादी, आणि प्रत्येकीपुढं लिहिलेलं, आपल्या खुशीनं द्या. त्याखाली नाव लिहायची जागा आणि दोन ओळी लिहायची जागा. मला हसू आलं, ही तर आमची जुनीच रीत. माणूस उठला, जवळ गेला, हातात दिलं आणि नाव सांगितलं. यादीत खाली होतं, भूकंपातले शेड, दुपारचा कार्यक्रम, आणि पुढं आमच्या गावाचं नाव. तो आपले कार्यक्रम लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनवरून भरून घेत असे, हे वडील सांगायचे ते मला आठवलं. म्हणजे आमच्या कॅसेटची जुळी बहीण नांदेडला जिवंत होती. मी पैसे भरले, वर एक रुपया ठेवला आणि कार्यक्रम उतरवून घेतला.

जावयाचं गाणं आलं. सासू पहिली युक्ती करते, दुसरी करते, तिसरी करते, आणि गाणं सरळ पुढं जात राहिलं. थांबलंच नाही. मी तीनदा ऐकलं. अख्ख्या कार्यक्रमात एकही बक्षीस नव्हतं. कुणीतरी सगळी पुकारणी वेचून काढून टाकली होती.

माझा राग वाईट आहे, क्लासची पोरं सांगतील. मी त्या दोन ओळींच्या जागेत मावेल तेवढा ओतला. बक्षिसं कुठं गेली? माणसांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेली होती ती, तुम्हाला कुणी सांगितलं काढायला? तासाभरात उत्तर आलं. बाईनं स्वतःचा आवाज पाठवला होता. "ताई, माफ करा. दोन वर्षं मी ह्या कॅसेटा साफ करून राहिले. नवी पोरं हसतेत, गाणं कमी आन् पावत्या लई, म्हणतेत. अब्बांनाबी शरम वाटायली होती. मला वाटलं, गाणं तेवढं ठेवावं, बाकीचा कचरा." मग म्हणाली, "तुमचं कुणी होतं का त्याच्यात?"

गाणं तेवढं ठेवावं आणि बाकीचा कचरा, हे तर माझंच वाक्य होतं, क्लासच्या पहिल्या बाकावरचं. तिनं निदान बापाची शरम झाकण्यासाठी केलं होतं. मी तिला सगळं लिहिलं, चिकटपट्टीसकट. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ते सांगितलं, आणि ते एका अनोळखी बाईला.

तिचं उत्तर आलं, की कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून न कापलेलं पुसून टाकलं. मूळ कॅसेटा लोखंडी पेटीत आहेत, पण मागं गोदावरीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा बऱ्याच भिजल्या. बघते. आठ दिवस मी क्लासमध्ये शिकवतानाही फोन समोर ठेवला. एखाद्या मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपवर हे गाणं ऐकलं असतं तर मी हा प्रश्न कुणाला विचारला असता? तिथं पेटी उघडून बघणारं कोण बसलंय? नवव्या दिवशी तिनं लिहिलं, "घावली. फोनवर नका ऐकू ताई. या."

रविवारी पहिली गाडी धरली. चाकूर, अहमदपूर, लोहा, सगळी गावं त्या दिवशी लांब लांब सरकल्यासारखी वाटली. दुकान एका जुन्या गल्लीत होतं. वरची फळी काढलेल्या पेट्या, भात्याचं कातडं, सरसाचा वास. म्हातारा लोखंडी खुर्चीत बसला होता. गुडघे गेलेले, हात मात्र तेच, लांब बोटांचे. मी चाचा म्हणून वाकले तर म्हणाला, "बस बेटी. गिरणीवाल्यांची ना तू? पोरीनं सांगितलं." लेकीनं चहा ठेवला आणि कॅसेट लावली.

गाणं सुरू झालं. सासूची दुसरी युक्ती झाली आणि पेटीचा सूर थांबून राहिला. मग तरण्या गळ्यानं माझ्या वडिलांचं नाव आलं, आजोबांच्या नावासकट, यांच्याकडून पार्टीला अकरा रुपये. आणि मी टेपकडं वाकले. पेटीचा सूर तसाच चालला होता. वडिलांचा आवाज आला नाही. मशीनला जोडलेला माईक फक्त गाणाऱ्याच्या तोंडापुढं होता. वडील जिथं ओरडले तिथं नुसता सूर होता, दोन सेकंदांचा, तीन सेकंदांचा. मला तिथंच रडू कोसळलं. एवढं येऊन हात रिकामेच राहिले, असं वाटलं.

पण टेप पुढं चालू होती. "काय?" गाणारा त्यात म्हणाला. "लेकीचं नाव घेऊ?" पुन्हा नुसता सूर. "काय म्हणता? कधीपासून? हां, हां." मग त्याचा आवाज एकदम मोठा झाला. "ऐका मंडळी! गिरणीवाल्यांची लेक भूकंपापासून हसली नव्हती. ती आत्ता ह्या जावयाला हसली. त्या खुशीत अकरा रुपये बक्षीस!" आणि माझं नाव. आमच्या कॅसेटवर हे कधीच ऐकू आलं नव्हतं. तिथं वडिलांचे पहिले सहा-सात शब्द तेवढे कळायचे, पुढचं त्यांचं आणि गाणाऱ्याचं बोलणं आजूबाजूच्या हसण्यात बुडून गेलं होतं. सहा वर्षं मी ती कॅसेट ऐकली, गावभर पहिल्या नंबराची बढाई मारली, त्या नंबरासाठी लातूरला गेले, आणि मार्क हुकले तेव्हा वडिलांचे अकरा रुपये वाया गेले म्हणून रडले. त्या माणसाच्या मनात नंबर कधी नव्हताच. मैत्रीण गेल्यावर मी किती दिवस हसले नाही हे माझं मलाही आठवत नव्हतं. ते त्यांनी मोजून ठेवलं होतं.

चाचांनी टेप थांबवायला सांगितली. फीत मागं घेऊन तो सुराचा तुकडा त्यांनी पुन्हा ऐकला, डोळे मिटून. "आवाज न्हाई आला त्यांचा," मी म्हणाले, "मीच पुसला, चाचा."

"बेटी, मला ऐकू आला होता," ते म्हणाले. "म्हणून तर मी बोललो ना."

मग तेच गाणं पुढं चालू झालं. सासूनं जावयाच्या ताटात रोज एक भाकरी कमी करायला सुरुवात केली आणि जावई म्हणाला, सासूबाई, तब्येतीला हे बरं हाय. मी रडता रडता हसले. लेकही हसली. ती म्हणाली, ताई, आता पानावर न कापलेलंच ठेवते, सगळ्या नावांसकट. लोकांना हसायचं तर हसू द्या.

मी फोन काढला आणि तिथं बसूनच पुन्हा तो कार्यक्रम घेतला. नावाच्या जागेत वडिलांचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, गावासकट. लेकीच्या फोनवर टिंग वाजलं. तिनं नाव वाचलं आणि फोन चाचांच्या पुढं धरला. त्यांना चष्म्याशिवाय ती बारीक अक्षरं दिसत नव्हती. तिनं कानात सांगितलं.

चाचा खुर्चीत सरळ झाले. दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी पेटीवर त्यांनी एक सूर धरला आणि थकलेल्या गळ्यानं, गल्लीत जाईल एवढ्यानं, माझ्या वडिलांचं पूर्ण नाव पुकारलं. पार्टीला बक्षीस. पार्टी त्यांची आभारी आहे.

सूर त्यांनी सोडला नाही. त्यांची नजर माझ्या मागं, दाराकडं होती. माझं नगं, असं कुणीतरी ओरडेल म्हणून आम्ही दोघंही थांबलो होतो.